लॅपटॉप घ्यावा तो कामाच्या मापाने



ऊस नोंद, बेणे किंवा खताच्या कामासाठी गट कार्यालयात येणारे सभासद अलीकडे काम उरकल्यावर उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, पोरीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. हलका पाहिजे, लई महागाचा नको. कुठला घेऊ?" लावण तारखा, क्षेत्राची नोंद, तोडणी कार्यक्रम ही सर्व कामे आता संगणकावर होत असल्याने आम्हां शेती विभागाच्या लोकांचा या यंत्राशी रोजचा संबंध येतो. म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येतो. प्रत्येकाला उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सर्व माहिती एकदाच सविस्तर द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. "कुठला घेऊ" या प्रश्नाला एखाद्या कंपनीचे नाव हे उत्तर होऊ शकत नाही. को ८६०३२ चांगली की फुले २६५ चांगली, असे कुणी विचारले तर आपण आधी विचारतो, "रान कसलं आहे? चोपण आहे का? लावण कधी करणार?" क्षारपड रानात फुले २६५ तग धरते, म्हणून ती प्रत्येक रानाला लावावी असे होत नाही. लॅपटॉपचेही तसेच आहे. काम कोणते, ते आधी ठरवावे आणि त्या मापाचे यंत्र घ्यावे.

दुसरे म्हणजे हा खर्च लहान नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. या दराने ४० हजार रुपयांच्या लॅपटॉपला तोडणी-वाहतूक वजा न करताच सव्वाअकरा टन ऊस लागतो. बारा ते अठरा महिने रानात सांभाळलेला हा ऊस दुकानात अर्ध्या तासात खर्ची पडतो. तेव्हा तो अर्धा तास डोळसपणे घालवलेला बरा.

काम आधी, यंत्र नंतर

आपल्या घरांतील गरजेचे साधारण तीन गट पडतात.

पहिला गट अकरावी-बारावी, कला, वाणिज्य, विज्ञान शाखेची पदवी, स्पर्धा परीक्षा आणि एमएस-सीआयटी करणाऱ्यांचा. यांना तास ऐकणे, टिपणे लिहिणे, अर्ज भरणे, टॅली चालविणे ही कामे असतात. शिवाय घरी सातबारा काढणे, दुधाचा हिशोब ठेवणे हेही त्यावरच होते. या गटाला साधा, हलका लॅपटॉप पुरतो. भारी यंत्र घेणे म्हणजे दहा गुंठ्यांच्या रानाला मोठा ट्रॅक्टर घेण्यासारखे आहे.

दुसरा गट अभियांत्रिकी पदविका-पदवी, संगणकशास्त्र व वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांसारखी आरेखनाची कामे जड असतात. येथे रॅम १६ जीबी असणे इष्ट. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते की नाही, हे दुकानदाराला विचारू नये, तर कॉलेजच्या संबंधित विभागात जाऊन प्राध्यापकांना विचारावे.

तिसरा गट चित्रफितींचे संपादन आणि मोठे खेळ यांचा. ही यंत्रे महाग व वजनाला जड असतात. "अभ्यासाला पण हाच लागतो," असे सांगून मुले कधी कधी असे यंत्र मागतात. पालकांनी कोणता अभ्यास, कोणते सॉफ्टवेअर, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर बरोबर आले तर जरूर विचार करावा.

बाजारात क्रोमबुक नावाचा आणखी एक प्रकार मिळतो. तो गुगलच्या पद्धतीवर चालतो व बहुतेक कामे इंटरनेटवर करतो. वाचन, लेखन, ऑनलाइन तास यांस तो पुरतो. परंतु टॅली, सॉलिडवर्क्स यांसारखी विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर त्यावर सरळ बसत नाहीत. ज्या वाडीवस्तीवर नेट धड नाही, तेथे तो घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

गाडीतळ, गव्हाण आणि मिल

लॅपटॉपच्या आत काय चालते हे समजण्यास आपल्या कारखान्याचेच उदाहरण घेऊ. ऊस आधी गाडीतळावर येऊन थांबतो, तेथून गव्हाणीत पडतो आणि गव्हाणीतून मिलमध्ये जातो. लॅपटॉपमध्ये साठवण म्हणजे गाडीतळ, रॅम म्हणजे गव्हाण आणि प्रोसेसर म्हणजे मिल. मिल कितीही मोठी बसवली तरी गव्हाण अरुंद असेल तर मिलला ऊस पुरत नाही. नेमकी हीच चूक स्वस्त लॅपटॉपमध्ये आढळते.

*रॅम.* आजच्या कामाला किमान ८ जीबी रॅम असावी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण सांगितली आहे हे खरे, परंतु ते केवळ यंत्र सुरू होण्यापुरते आहे. ट्रॅक्टर सुरू होणे वेगळे आणि नांगर ओढणे वेगळे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपा जगभर महागल्या. त्यामुळे कमी रॅमचे यंत्र स्वस्त म्हणून पुढे केले जाण्याचा संभव असतो, तिकडे लक्ष ठेवावे.

आणखी एक बारकावा. बऱ्याच हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर कायमची जडवलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. म्हणून "रॅम वाढविण्याची जागा आहे का?" हे विचारावे. जागा असेल तर आज ८ जीबी घेऊन दोन वर्षांनी वाढविता येते. नसेल, तर आज जी घेतली तीच शेवटपर्यंत.

*साठवण.* येथे तीन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आत चकती फिरते. ती संथ असते आणि एसटीच्या धक्क्यांना नाजूक. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, ती कितीतरी वेगवान व प्रवासास योग्य. तिसरा प्रकार ईएमएमसी. तो मोबाईलसारखा बोर्डावर जडवलेला, एसएसडीपेक्षा संथ, व सहसा ६४ किंवा १२८ जीबीचा असतो. आपण एसएसडीच घ्यावी. २५६ जीबीवर भागते, ५१२ जीबी असल्यास ऐसपैस.

आमच्या गटातील एका सभासदाने दिवाळीच्या सवलतीत मुलीसाठी लॅपटॉप घेतला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी. दिसायला देखणा आणि हलका. पण त्यातली निम्मी जागा विंडोजनेच अडवलेली. वर्षाच्या आत विंडोजची सुधारणा उतरवून घ्यायला जागा उरली नाही. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी यंत्र अडकून पडले, आणि मुलीने मैत्रिणीच्या घरी धावत जाऊन परीक्षा दिली. यंत्र बिघडलेले नव्हते, ते कामाला लहान पडले. दुकानदार परत घेईना, कारण तक्रार करण्याजोगा दोषच नव्हता. असे पैसे बुडाले की कुणाकडे दाद मागता येत नाही.

नावातील आकडे वाचावेत कसे

"आय-५ आहे, डोळे झाकून घ्या," असे विक्रेता सांगतो. डोळे उघडे ठेवूनच पाहावे. इंटेलच्या आय-३, आय-५ या नावांपुढील आकडा पिढी सांगतो. आय-५ ७२००-यू हा सातव्या पिढीचा, आणि आय-३ १२१५-यू हा बाराव्या पिढीचा. पहिल्यात २ कोअर आहेत, दुसऱ्यात ६. म्हणजे येथे आय-३ हा आय-५ ला मागे टाकतो. २०२३ च्या अखेरपासून इंटेलने "आय" हे अक्षर गाळलेली कोअर ३, कोअर ५, कोअर अल्ट्रा अशी नवी नावेही आणली आहेत. ती दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

एएमडीच्या रायझनमध्ये वेगळीच गंमत आहे. रायझन-५ ७५२०-यू आणि रायझन-५ ७५३०-यू ही नावे कानाला सारखीच लागतात. परंतु या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतील रचना किती जुनी ते दाखवितो. ७५२० मध्ये तो २ आहे आणि कोअर ४. ७५३० मध्ये तो ३ आहे आणि कोअर ६. किमतीत थोडाच फरक असेल तर दुसरा घ्यावा.

इंटेलचा एन-१०० हा छोटा प्रोसेसर ८ जीबी रॅमसह पहिल्या गटाच्या हलक्या कामांना चालतो. सेलेरॉन एन-४०२० सारखे २ कोअरचे जुने प्रोसेसर मात्र नव्याने घेऊ नयेत. बेण्याचे नाव व वय पाहिल्याशिवाय आपण लावण करीत नाही, तोच नियम येथे लावावा.

वजन

हलका लॅपटॉप म्हणजे किती हलका? १४ इंची पडद्याचे यंत्र साधारण दीड किलोच्या आत मिळते. १५.६ इंची यंत्र १.६ ते १.८ किलोपर्यंत जाते. खेळांचे यंत्र सव्वादोन-अडीच किलो भरते, आणि त्याचा चार्जरही अर्ध्या किलोच्या पुढे जातो. पत्रकावर लिहिलेल्या वजनात चार्जर धरलेला नसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

राष्ट्रीय दप्तर धोरण २०२० नुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. हे धोरण शाळेचे, पण माप कॉलेजलाही उपयोगी आहे. ४५ किलो वजनाच्या मुलीला साडेचार किलोची मर्यादा येते. जड यंत्र व चार्जर मिळून तीन किलो झाले तर वह्या, डबा, पाण्याची बाटली यांना दीड किलोच उरतो. हलके यंत्र व चार्जर पावणेदोन किलोत बसतात. सकाळच्या एसटीत दांड्याला लोंबकळत तासभर उभ्याने जाणाऱ्या मुलीला हा सव्वा किलोचा फरक रोज जाणवतो. जे यंत्र जड म्हणून घरीच राहते, त्याचा कॉलेजात उपयोग शून्य.

बॅटरी

"दहा तास चालते" या जाहिरातीवर विसंबू नये. बॅटरीची खरी क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते. तिला यंत्राच्या सरासरी खर्चाने भागले की तास निघतात. ४२ वॉट-अवरची बॅटरी असेल आणि लेखन-वाचनात यंत्र ७ वॉट खात असेल, तर ६ तास चालेल. तेच यंत्र ऑनलाइन तासाला १२ वॉट खाऊ लागले तर साडेतीन तास. जड यंत्र साध्या कामालाही १५ वॉट घेते, म्हणजे त्यातील ५० वॉट-अवरची मोठी बॅटरीदेखील ३ तास २० मिनिटांतच संपते.

आपल्याकडे विजेचे येणे-जाणे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ४० वॉट-अवरच्या खालची बॅटरी घेऊ नये. टाइप-सी पद्धतीने चार्ज होणारे यंत्र मिळाल्यास उत्तम, कारण चार्जर बिघडल्यास दुसरा सहज मिळतो. मात्र तो पुरेशा वॉटचा असावा. चार्जरवर सहसा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, तेव्हा कमी दाबाने तो बिचकत नाही. धोका आहे तो न्यूट्रल तुटून दाब एकदम वाढण्याचा आणि विजा कडाडण्याचा. अशा वेळी प्लग काढून ठेवणे हाच उपाय. गोधडीवर किंवा गादीवर ठेवून यंत्र चालवू नये, खालची हवेची छिद्रे बुजतात व ते तापते.

पडदा, कळफलक व मराठी

पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा व आयपीएस प्रकारचा असावा. तो बाजूने पाहिला तरी रंग पालटत नाहीत. चकचकीत पडद्यापेक्षा चकाकी नसलेला पडदा डोळ्यांना बरा. दुकानातच दोन ओळी टाइप करून पाहाव्यात. विंडोजमध्ये मराठी कळफलक मोफत मिळतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. विंडोजसोबत विषाणूरोधक सोयही येते, वेगळे अँटिव्हायरस घेण्याची साध्या वापराला गरज नाही. "ऑफिस मोफत" असे सांगितल्यास ते एक वर्षाचे की कायमचे, हे विचारावे. कायमचे नसेल तर लिब्रेऑफिस विनामूल्य आहे व बहुतेक कामाला पुरते.

नवा की वापरलेला?

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक यांसारखे लॅपटॉप दुरुस्त करून निम्म्याहून कमी किमतीत विकले जातात. त्यांची बांधणी मजबूत असते व जाणत्याने पारखून घेतल्यास ते फायद्याचे ठरतात. परंतु विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाजारात स्वस्तात दिसतात. "लई स्वस्तात गावला," म्हणून ती घेऊ नयेत. सुरक्षिततेच्या सुधारणा न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते.

वापरलेले यंत्र घेताना दुकानदाराकडून बॅटरीचा अहवाल काढून घ्यावा. त्यात मूळ क्षमता व आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. ५० ची ३० वर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा. पक्के बिल आणि किमान सहा महिन्यांची लेखी हमी नसेल तर व्यवहार करू नये.

पैशाची जुळणी

कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत होतात आणि उसाचे बिल हिवाळ्यात येते. या मधल्या ताणात चुकीची खरेदी होते. येथे दोन सूचना करतो.

एक, पीककर्जाचे पैसे लॅपटॉपला लावू नयेत. खताचा हप्ता चुकला तर टनेज घटते, आणि मग लॅपटॉपची खरी किंमत दुकानातल्या बिलापेक्षा जास्त पडते. पहिले काही महिने कॉलेजच्या संगणक कक्षावर भागत असेल, तर बिल येईपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

दुसरे, "बिनव्याजी हप्ता" म्हणजे काय ते आकडेमोड करून पाहावे. समजा, रोखीने यंत्र ३९,५०० ला मिळते आणि हप्त्याने ७,००० चे ६ हप्ते, अधिक ५०० रुपये प्रक्रिया शुल्क. एकूण झाले ४२,५००. म्हणजे सहा महिन्यांसाठी ३,००० रुपये जादा गेले. त्याला व्याज म्हटले नाही, इतकेच. तेव्हा "रोखीने किती आणि हप्त्याने एकूण किती," हे दोन्ही आकडे लिहून मागावेत.

दुकानात जाताना हे कात्रण सोबत न्यावे

१. रॅम ८ जीबी किंवा अधिक आहे का? पुढे वाढविता येते का?
२. साठवण एसएसडीच आहे ना? किती जीबी?
३. प्रोसेसरचे पूर्ण नाव व आकडा काय?
४. यंत्राचे व चार्जरचे मिळून वजन किती?
५. बॅटरी किती वॉट-अवर?
६. पडदा आयपीएस व १९२० गुणिले १०८० आहे का?
७. मूळ विंडोज ११ किमतीत धरलेले आहे का?
८. हमी किती वर्षांची? दुरुस्ती घरी येऊन की केंद्रावर? केंद्र कोणत्या गावी?
९. बीआयएस नोंदणीची खूण यंत्रावर व चार्जरवर आहे का?
१०. १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल व त्यावर यंत्राचा अनुक्रमांक मिळेल ना?

या दहापैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे विक्रेता टाळू लागला, तर दुकान बदलावे. खोके दुकानातच उघडून अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहावा. पुढे तक्रार उद्भवल्यास आणि दुकानदार दाद देत नसल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडेही जाता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. मात्र बिल जपून ठेवलेले असले पाहिजे.

खरेदीला जाताना ज्याला वापरायचे आहे त्या मुलाला किंवा मुलीला अवश्य सोबत न्यावे. कित्येक घरांत बाप आणि चुलते जाऊन यंत्र आणतात आणि मुलीला ते घरी आल्यावर दिसते. तिच्याच हाताने उचलून पाहू द्यावे, तिलाच दोन ओळी टाइप करू द्याव्यात, वरील प्रश्नही तिलाच विचारू द्यावेत. त्यातून तिला यंत्राची माहिती होईल आणि पैसेही योग्य ठिकाणी लागतील. ज्या सभासदांना दुकानदाराने लिहून दिलेला तपशील समजत नसेल, त्यांनी तो कागद घेऊन आपापल्या गट कार्यालयात यावे. तेथील कर्मचारी वाचून अर्थ सांगतील.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग